बाळंतपणाची रजा: पहिल्या अर्जापासून पुन्हा रुजू होईपर्यंत

दिवस गेल्याचं मी माझ्या साहेबांना दुपारच्या चहाच्या वेळी सांगितलं होतं. ते मनापासून हसले, म्हणाले, "अभिनंदन! रजेची अजिबात काळजी करू नका." मी केली नाही. दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली. नव्या साहेबांच्या टेबलावर माझ्या नावाचा एकही कागद नव्हता. बाळ तीन आठवड्यांचं असताना मला फोन आला, "मॅडम, तुमची गैरहजेरी लागतेय." अडकलेला पगार सोडवायला पुढे अडीच महिने गेले. त्यातला बराचसा वेळ मी एका हाताने बाळाला थोपटत दुसऱ्या हाताने मेल लिहीत होते.

कायदा तेव्हाही माझ्या बाजूने होता, फक्त माझ्याकडे तारखा लिहिलेला एकही कागद नव्हता. बाळंतपणाच्या हक्कांचा सगळा हिशोब तारखांवर चालतो. किती दिवस काम केलं, अर्ज कधी दिला, रजा कधी सुरू झाली, बाळ कधी झालं, हे दाखवता आलं की पुढचं सोपं होतं. म्हणून खालची प्रत्येक पायरी एखाद्या तारखेला किंवा कागदाला बांधलेली आहे. एक वेगळी वही करा आणि पहिल्या पानावर डॉक्टरांनी दिलेली अपेक्षित तारीख लिहा.

आधी ठरवा, तुमचे पैसे कोण देणार

या पायरीवर सगळ्यात जास्त घोटाळा होतो. शेजारणीला जे मिळालं तेच आपल्याला मिळेल असं धरून बायका चालतात. भारतात नोकरी करणाऱ्या बाईसाठी साधारण चार वाटा आहेत.

सरकारी नोकरी असेल तर तुमच्या सेवा नियमांप्रमाणे रजा मिळते. केंद्र सरकारच्या आणि महाराष्ट्र शासनाच्या कर्मचारी महिलांना दोन हयात अपत्यांपर्यंत 180 दिवस. शिवाय बालसंगोपन रजा वेगळी: केंद्रात पूर्ण नोकरीत मिळून 730 दिवस, राज्यात 180 दिवस. ही रजा मूल 18 वर्षांचं होईपर्यंत घेता येते. ती सगळी तान्हेपणीच संपवू नका, दहावीचं वर्ष यायचं असतं.

खासगी नोकरी असेल तर पगाराची चिठ्ठी काढा आणि त्यात ईएसआयची कपात दिसते का ते बघा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी राज्य कामगार विमा योजना असते. त्यात कर्मचाऱ्याचे 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. ही कपात होत असेल तर बाळंतपणाचे पैसे मालक देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. अट अशी की, आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान 70 दिवसांचं अंशदान भरलेलं हवं. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. पगारातून कापलेले पैसे मालकाने खरोखर भरलेत का, हे आजच ऑनलाइन तपासा. आठव्या महिन्यात कळलं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

कपात नसेल, पण तुम्ही कारखान्यात, मळ्यात किंवा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानात वा ऑफिसात कामाला असाल, तर पैसे थेट मालकाने द्यायचे. या लेखाचा मोठा भाग याच वाटेबद्दल आहे.

आणि यातलं काहीच लागू नसेल, म्हणजे घरकाम, शेतमजुरी, घरून शिवणकाम, चार माणसांचं दुकान, तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कायदा काय देतो, आकड्यांत

1961 चा मातृत्व लाभ अधिनियम आपण इतकी वर्षं ऐकत आलो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि तो कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 च्या सहाव्या प्रकरणात गेला. अर्जात जुन्या कायद्याचं नाव लिहिलं म्हणून हक्क जात नाही, पण नवं नाव लिहिलेलं बरं. समोरच्याला लगेच कळतं की ही बाई वाचून आली आहे.

दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर 26 आठवडे पगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. दोन किंवा जास्त हयात अपत्यं असतील तर 12 आठवडे, त्यातले 6 आधी. "तिसऱ्या वेळेला रजाच नसते" असं खासगी नोकरीतल्या बाईला कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. रजा कमी होते, संपत नाही.

पात्रतेची अट एकच: अपेक्षित तारखेच्या आधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम केलेलं असावं. वर्षभर नोकरी हवी, कायम नोकरी हवी, असं कायदा म्हणत नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या कामगार महिलांच्या बाजूने दिला. कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपत असेल तर? 2023 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की लाभ कंत्राटाच्या मुदतीपुढेही द्यावा लागेल. "तुमचं कंत्राट डिसेंबरला संपतं, तेवढेच पैसे मिळतील" हे वाक्य फार बायका निमूट ऐकून घेतात. तुम्ही ऐकून घेऊ नका.

गर्भपात झाला तर त्यानंतर 6 आठवड्यांची पगारी रजा आहे. याबद्दल कुणी बोलत नाही, आणि ज्या वेळी बाईला अंथरुणावरून उठवत नसतं त्याच वेळी ती चौथ्या दिवशी कामावर हजर असते. डॉक्टरांचा दाखला लागतो, घडलेल्या गोष्टीचा तपशील साहेबांना सांगावा लागत नाही. बाळंतपणामुळे किंवा गर्भपातामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळते, आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी 2 आठवडे. मालकाने बाळंतपणाआधीची आणि नंतरची वैद्यकीय सोय मोफत केलेली नसेल तर 3,500 रुपये वैद्यकीय बोनस वेगळा द्यायचा असतो. रक्कम लहान आहे, पण मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही.

हे सगळं कुणाच्या मेहरबानीने आलेलं नाही. 1928 साली मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीपासून हे चालत आलं आहे. अर्ज देताना आवाज खाली जायचं काही कारण नाही.

तारखा कशा मांडायच्या

समजा अपेक्षित तारीख 10 ऑक्टोबर 2026 आहे. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. आठ आठवडे आधी, म्हणजे 15 ऑगस्टपासून रजा घेतली तर ती 12 फेब्रुवारी 2027 ला संपते आणि रुजू होताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. तीच रजा 1 ऑक्टोबरपासून घेतली तर 31 मार्चला संपते आणि बाळ साडेपाच महिन्यांच्या पुढे गेलेलं असतं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचं असेल तर हा दीड महिना फार मोलाचा.

पण शेवटच्या महिन्यात पाय सुजलेत, रक्तदाब वाढलाय आणि बसचे धक्के खात ऑफिसला जायचंय, तर बाळासाठी दिवस वाचवायचे म्हणून स्वतःचे हाल करू नका. हा निर्णय डॉक्टर आणि तुम्ही मिळून घ्या. सासूबाई, साहेब किंवा मैत्रीण नव्हे. मधला मार्गही आहे. प्रसूतीच्या साधारण अडीच महिने आधीपासून जड काम किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम नको, अशी मागणी तुम्ही करू शकता. मालकाला ती मानावी लागते आणि हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही. दुकानाच्या काउंटरवर किंवा कारखान्याच्या लाइनवर उभ्या असलेल्या बाईला याचा खरा उपयोग आहे. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर तुम्ही तयार असलात तरी मालकाला तुमच्याकडून काम घेता येत नाही. "घरूनच दोन मेल बघा ना" हेही कामच आहे.

अर्ज लिहिताना

आपल्याकडे रजेचा अर्ज म्हटला की हात आपोआप "रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती" असं लिहून मोकळा होतो. नेहमीच्या किरकोळ रजेसाठी ते ठीक आहे. बाळंतपणाची रजा मंजुरीवर अवलंबून नसते, तिची सूचना द्यायची असते. म्हणून "मिळावी" ऐवजी "जात आहे" लिहा. मजकूर एवढा पुरे:

"मी दि. ____ पासून ____ या पदावर काम करते. सोबतच्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख 10 ऑक्टोबर 2026 आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 नुसार मी 1 ऑक्टोबर 2026 पासून 26 आठवड्यांच्या मातृत्व रजेवर जात आहे. या काळातील मातृत्व लाभ माझ्या पगाराच्या बँक खात्यात जमा करावा. माझ्या बाबतीत काही विपरीत घडल्यास तो ____ (नाते ____) यांना द्यावा. लाभाच्या काळात मी दुसऱ्या कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही."

"विपरीत घडल्यास" हे वाक्य लिहिताना पोटात कालवतं. माझ्या आईने ते वाचून मला रागावलंही होतं. तरी लिहा, कारण कायद्याच्या सूचनेत पैसे कुणाला द्यायचे याचं नाव लागतं. शेवटचं वाक्यही कायद्याला हवं असलेलंच आहे.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. आवक विभाग नसेल तर मेल करा आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी मेलवर पाठवा, कारण ऑफिसचा मेल रजेत बंद पडू शकतो. नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून थांबू नका. आणि अर्ज द्यायचा राहूनच गेला, सातव्या महिन्यातच बाळ झालं, तरी हक्क जात नाही. बाळंतपणानंतर जमेल तितक्या लवकर द्या.

पैशाचा हिशोब स्वतः करा

लाभ मोजतात तो रजेच्या आधीच्या तीन महिन्यांतल्या कामाच्या दिवसांच्या सरासरी रोजावरून. त्या तीन महिन्यांत बिनपगारी दिवस पडले तरी सरासरी कामाच्या दिवसांचीच काढायची, त्यामुळे रोज खाली येत नाही.

चूक पुढच्या गुणाकारात होते. सरासरी रोज 600 रुपये असेल तर 182 दिवसांचे 1,09,200 रुपये होतात. काही ठिकाणी रविवार वगळून आठवड्याचे सहाच दिवस धरतात, म्हणजे 156 दिवस आणि 93,600 रुपये. बाईच्या हातात 15,600 रुपये कमी. आठवडा म्हणजे सातही दिवस, रविवारसुद्धा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच मळ्यात काम करणाऱ्या एका बाईच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. हिशोबाचा कागद मागून घ्या आणि आधी दिवसांचा आकडा बघा: 182 आहे की 156?

पैसे केव्हा मिळायला हवेत तेही ठरलेलं आहे. प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेले बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. महिन्याच्या पगारावर असलेल्यांना बहुतेक कंपन्या नेहमीसारखा दरमहा पगार देतात आणि त्यात फारसं वावगं नाही. पण "परत रुजू झाल्यावर सगळे एकदम देऊ" हे मान्य करू नका.

ईएसआयवाल्यांनाही 26 आठवडे आणि पूर्ण सरासरी रोजच मिळतो, फक्त दावा महामंडळाकडे करायचा. तो ऑनलाइनही भरता येतो.

नोकरीत हे काहीच नसेल तर

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात: गरोदरपणाची नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर 3,000, जन्मनोंद आणि पहिल्या टप्प्याचं लसीकरण झाल्यावर 2,000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर एकरकमी 6,000. ई-श्रम कार्ड, मनरेगा जॉब कार्ड, दारिद्र्यरेषेखालचं रेशन कार्ड किंवा वर्षाला आठ लाखांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्नाचा दाखला, असं काही एक लागतं. नोंदणी अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईंकडे होते. बँक खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, नवऱ्याचं चालत नाही.

26 आठवड्यांच्या पगारापुढे पाच हजार फार थोडे आहेत, हे मला दिसतं. दुसऱ्याचं घर पुसून पोट भरणाऱ्या बाईचं शरीर काही कमी थकत नाही. तरी मिळतं ते सोडू नका. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण सगळं मोफत आहे. तिथे कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

रजेवर जायच्या आदल्या आठवड्यात

कामाची सूत्रं कुणाकडे दिली ते मेलवर लिहून द्या, म्हणजे नंतर "तिने काम अर्धवट टाकलं" असं कुणी म्हणणार नाही. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि नेमणूकपत्र घरी आणून ठेवा.

पीएफचं नामांकन बघा. लग्नाआधी केलेलं असेल तर ते नव्याने करावं लागतं, आणि अनेकींच्या खात्यावर अजून जुनंच नाव असतं. ऑफिसच्या आरोग्य विम्यात बाळाचं नाव किती दिवसांत घालायचं ते विचारून वहीत लिहा. ती मुदत चुकली तर काही योजनांत पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. जन्मनोंद 21 दिवसांत करायची असते, विम्याला आणि बाकी सगळीकडे तोच दाखला लागतो.

नवऱ्यानेही रजेचं याच वेळी ठरवावं. केंद्र सरकारी नोकरीत पुरुषांना 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रात कायद्याने काहीच नाही, म्हणून कंपनीचं धोरण विचारावं आणि नसेल तर साठलेली रजा राखून ठेवावी. टाके ओले असताना रात्री दोन वाजता लंगोट बदलायला दुसरं माणूस घरात असणं हा बाईच्या तब्येतीचाच भाग आहे.

अडवणूक झाली तर

बहुतेक वेळा "नाही" असं कुणी म्हणत नाही. फोन उचलला जात नाही, किंवा कुणीतरी आपुलकीने सुचवतं, "आता कशाला दगदग? राजीनामा द्या, बाळ मोठं झालं की बघू." राजीनाम्यावर सही करू नका. सही केली की काढून टाकल्याची तक्रार तुम्ही स्वेच्छेने सोडल्याची गोष्ट होते. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणं किंवा तिच्या सेवाशर्ती तिला तोटा होईल अशा बदलणं बेकायदा आहे.

काढण्याचं पत्र मिळालं तर त्या दिवसाची तारीख वहीत लिहा, कारण अपिलाला 60 दिवसांची मुदत असते. आधी मालकाला एक लेखी पत्र द्या: काय मिळायला हवं होतं, केव्हा, आणि काय मिळालं. त्याला उत्तर आलं नाही तर ते पत्र आणि पोच घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करा. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार कुठल्याही महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि फोन नंबर आहे 15100.

ग्रॅच्युइटीची पाच वर्षं मोजतानाही 26 आठवड्यांपर्यंतची ही रजा सलग नोकरीतच धरतात. चार वर्षं आठ महिने झालेल्या बाईने रजेनंतर वैतागून नोकरी सोडण्याआधी हा हिशोब मांडून बघावा. पेन्शनचंही तसंच, त्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. नोकरी सोडलीच तर पेन्शनचा भाग काढून घेण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, पुढच्या नोकरीतली वर्षं त्याला जोडता येतात.

परत रुजू होताना

महिनाभर आधी मेल करा: रुजू होण्याची तारीख, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर काही काळ घरून काम करण्याची मागणी. ही सोय मालक आणि तुम्ही मिळून ठरवायची असते, सक्तीची नसते, म्हणून नेमकं मागा: आठवड्यातले कोणते दिवस, कुठल्या तारखेपर्यंत. "थोडं समजून घ्या" यावर कुणाला हो किंवा नाही म्हणता येत नाही.

50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा आहे. याशिवाय बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या मिळतात, पगार न कापता.

मी रुजू झाले तेव्हा हे मला माहीत नव्हतं. दुपारी पान्हा दाटून आला की फायलींच्या खोलीत जायचे, दाराला कडी नव्हती म्हणून आतून खुर्ची लावायचे आणि दूध काढून बेसिनमध्ये ओतून द्यायचे. घरी बाळ वरच्या दुधावर. चौथ्या दिवशी एका वयाने मोठ्या शिपाई बाईंनी काही न विचारता त्या दाराला कडी बसवून घेतली. तुमच्याकडे अशी खोली नसेल तर रुजू होण्याच्या मेलमध्येच मागा: आतून बंद होणारं दार, एक खुर्ची, एक प्लग, हात धुवायची सोय. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, बाहेर 25 अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास, त्यामुळे ते टाकायची गरज नाही.

पहिल्या दिवशी रुजू झाल्याचं पत्र द्या आणि त्याचीही पोच घ्या. वर्षाच्या मूल्यमापनात रजेचे महिने "कामगिरी शून्य" असे धरले तर हरकत लेखी नोंदवा. आणि वहीत शेवटची एक तारीख लिहून ठेवा: बाळ 10 ऑक्टोबर 2026 चं असेल, तर दोन सुट्ट्यांचा हक्क 10 जानेवारी 2028 पर्यंत आहे.